युनिव्हर्सिटीच्या जागेतल्या रेस्टॉरंटला दारूचं लायसन्स द्यावं का?

स्टाफवाला:
अमेरिकेतली आमची स्टेट युनिव्हर्सिटी, गाव छोटं, कॅम्पस सोडला तर गावात फारसं काही नाही. युनिव्हर्सिटीच्याच जमिनीवर एक हॉटेल आहे, खाली रेस्टॉरंट, चालवायला बाहेरच्या माणसाला लीजवर दिलंय. राज्याच्या कायद्याने तिथे बिअरसुद्धा विकता येत नाही, आता तो बदलायचा प्रस्ताव आलाय आणि स्टाफची मतं मागवलीत. गंमत बघा, आमच्याच स्टेडियममध्ये फुटबॉल मॅचला बिअर मिळते, पण पाहुण्या प्रोफेसरला जेवणाबरोबर वाइन हवी असेल तर त्यांना गाडीत घालून हायवेपलीकडे न्यायचं, आणि येताना गाडी चालवणाराही थोडी घेतलेलाच असतो. माझा कल हो म्हणण्याकडे आहे. बायको म्हणते, पोरांच्या तोंडाशी नेऊन ठेवताय. जिथे हे चालू आहे तिथला अनुभव सांगा कुणीतरी.

तळ्याकाठचा:
मी मॅडिसनला होतो, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत. तिथल्या मेमोरियल युनियनमध्ये, म्हणजे कॅम्पसवरच्या विद्यार्थी केंद्रात, १९३३ पासून बिअर मिळते, म्हणजे दारूबंदी पूर्ण उठायच्याही आधी ३.२ टक्क्यांची हलकी बिअर कायदेशीर झाली ना, तेव्हापासून. टेरेसवर मध्ये पिचर, म्हणजे बिअरचा जग, एका टेबलावर कुणीतरी पीएचडीला वैतागलेलं, शेजारी कुणाचं बाळ रांगतंय आणि पलीकडे आपलाच गाइड बसलाय. गाइडसमोर कोण झिंगणार हो. झिंगायची ती पोरं घरच्या पार्ट्यांमध्ये, जिथे आयडी विचारायला कुणी नसतं.

दोन_मुलांची_आई:
तळ्याकाठचे, मॅडिसन पार्टी स्कूल म्हणून किती प्रसिद्ध आहे ते तुम्हीच विसरलात वाटतं 😄 तुमच्या टेरेसमुळे पार्ट्या काही कमी झाल्या नाहीत. स्टाफवाला, तुमची बायको बरोबर बोलतेय. कॉलेजला पोरगं येतं अठराव्या वर्षी, प्यायचं वय २१, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं कॅम्पसवरची बहुतेक अंडरग्रॅड पोरं वयात बसतच नाहीत. ज्यांना प्यायला बंदी आहे त्यांच्याच मधोमध दुकान मांडायचं, हे मला पटत नाही. आणि आपल्याकडची एफ-वन वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं, त्यांना कुणी सांगत नाही की ड्रंक ड्रायव्हिंगमध्ये नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टात काय ठरतं ते नंतर.

ट्रेवाला:
शिकताना रेस्टॉरंटमध्ये काम केलंय म्हणून सांगतो. आयडी तपासणं वाटतं तितकं सोपं नाही पण अशक्यही नाही. बऱ्याच राज्यांत २१ च्या खालच्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स उभं असतं, आडवं नाही, त्यामुळे हातात घेतल्या घेतल्या कळतं. अवघड वेगळंच आहे. चारजणांचं टेबल, तिघे २१ च्या वरचे, एक पोरगी एकोणीसची, पिचर मागवला की पाठ फिरली रे फिरली तिचा ग्लास भरलेला. म्हणून आमच्या मॅनेजरने पिचरच बंद केला होता, माणशी एक ग्लास, तोही आयडी बघून, आणि ज्याच्या नावावर तो त्याच्याच हातात द्यायचा. धंदा थोडा कमी झाला पण रात्री झोप लागायची त्याला. कारण अल्पवयीनाला किंवा आधीच टुल्ल झालेल्याला पाजली आणि त्याने बाहेर कुणाला उडवलं, तर बऱ्याच राज्यांत पाजणाऱ्यावरही केस होते, ड्रॅम शॉप लॉ म्हणतात त्याला.

कलम_वाचणारा:
दारूचे नियम तिथे मुख्यतः राज्यांच्या हातात आहेत, दारूबंदी उठवणाऱ्या २१ व्या घटनादुरुस्तीपासून. वयसुद्धा केंद्राने थेट ठरवलं नाही, १९८४ च्या कायद्याने एवढंच केलं की वय २१ ठेवलं नाही तर राज्याला केंद्राकडून मिळणाऱ्या हायवेच्या पैशात कपात. त्यामुळे तुमच्या राज्याचा मसुदा काढा आणि शब्द न् शब्द वाचा. लायसन्स कुणाच्या नावावर, युनिव्हर्सिटीच्या की चालवणाऱ्याच्या? फक्त टेबलावर जेवणाबरोबर, की बार काउंटरही चालेल? आणि मसुद्यात नाही ते लीजमध्ये घालता येतं, जागेचे मालक तुम्हीच आहात! विरोध करणारे ‘द्यावं की नाही’ यावरच भांडत बसतात आणि अटी चालवणारा स्वतःच्या सोयीने लिहून घेतो.

स्टेडियमचं म्हणाल तर वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने २०११ मध्ये बिअर सुरू केली तेव्हाच हाफटाइमला बाहेर जाऊन परत यायची सोय बंद केली. आधी लोक पार्किंगमध्ये जाऊन ढोसून आत यायचे. बिअर दिली पण ती पळवाट बुजवून दिली, हे लक्षात घ्या. आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या युनिव्हर्सिट्यांच्या स्पोर्ट्स लीगमध्ये, २०१९ पर्यंत सामान्य प्रेक्षकांना दारू विकायला बंदी, महागड्या खासगी बॉक्समध्ये मात्र चालायचं. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात.

दोन_मुलांची_आई:
अटी कागदावर छान दिसतात हो. तपासणार कोण? रेस्टॉरंटचं भाडं विक्रीवर ठरत असेल तर युनिव्हर्सिटीलाच जास्त खप हवा असणार.

स्टाफवाला:
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आत्ता लीज उघडून बघितलं, भाड्यात विक्रीचा टक्का आहेच. तेव्हा लिहून देतोय की दारूची विक्री त्या टक्क्यातून वगळा, फक्त बिअर-वाइन, जेवणाबरोबरच, बार काउंटर नाही, पिचर नाही, हॅपी अवर नाही. एवढं मान्य असेल तर माझं हो.

ट्रेवाला:
हॅपी अवर काढलात, आता तो चालवणाराच विरोधात मत देईल 😂