प्रतिसाद: सोशल वर्कर फक्त फॉर्म भरून देतात का?

दादा, तुम्ही वर लिहिलंय की मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी असलेला सोशल वर्कर म्हणजे योजनेचे कागद करून देणारा माणूस, त्याच्याकडे उपचाराला कशाला जायचं. हे मला पटत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची, म्हणजे याच सोशल वर्करची, व्याख्याच दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करून. गोळ्या ते लिहून देत नाहीत, ते डॉक्टरांचं काम.

माझ्या चुलतभावाच्या वेळी आम्ही जळगावला गेलो होतो. तिथल्या सोशल वर्कर बाईंनी आधी आजार विचारलाच नाही. कापूस किती निघाला, सोसायटीचं कर्ज किती, घरात कोण कोणाशी बोलत नाही, हे विचारलं. काकू अहिराणीत "जीव घाबरस" म्हणाल्या, तर त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग काका-काकूंना वेगळं बसवून समजावलं की हा आळस नाही, आजार आहे. त्याला टोमणे मारू नका, पण गोळ्या चुकू देऊ नका. पुढच्या भेटीत त्याच्याकडून रोजचं एकच काम ठरवून घेतलं, सकाळी गोठ्यात जायचं. एवढंच! आम्हाला किरकोळ वाटलं, पण तो उठायला लागला तो तिथूनच.

आणि वर लिहिणाऱ्या ताई, तुमचं गाव शहाद्याच्या पलीकडे आहे म्हणता. जाणं जमेपर्यंत 14416 वर फोन करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा मोफत आहे, मराठीत बोलतात.