आयेल्ट्स स्पीकिंगमध्ये ‘तुमचं वाचन’: तयारी करून घेणाऱ्यांचे अनुभव

आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या तोंडी भागात, म्हणजे स्पीकिंगमध्ये, वाचनाचा विषय कुठल्याही भागात डोकावू शकतो. पहिल्या भागात तो दोन-चार सोप्या प्रश्नांतून येतो, दुसऱ्यात एखाद्या पुस्तकाबद्दलचं कार्ड म्हणून, तर तिसऱ्यात समाज आणि वाचन अशा चर्चेतून. या विषयाची तयारी करून घेणाऱ्यांनी, सरावात परीक्षक होणाऱ्यांनी आणि उच्चारांवर काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. आपापल्या बँडच्या, म्हणजे मिळालेल्या गुणांच्या, गोष्टी नकोत. काय करावं, कुठे गाडी घसरते आणि का, एवढंच हवं.

तयारी करून घेणारी शिक्षिका

आधी मांडणी लक्षात घ्या. पूर्ण मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते. पहिला भाग 4-5 मिनिटं, दुसरा तयारीच्या मिनिटासह 3-4 मिनिटं आणि तिसरा पुन्हा 4-5 मिनिटं. गुण चार गोष्टींना मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही गोष्टींचं वजन सारखं. तुम्ही किती वाचता, काय दर्जाचं वाचता, याचा यात कुठेही संबंध नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की निम्मी भीती जाते.

पहिल्या भागात प्रत्येक उत्तराला दोन ते चार वाक्यं पुरतात. ‘येस, आय लव्ह रीडिंग, इट गिव्ह्ज मी नॉलेज’ हे उत्तर परीक्षकाच्या कानावर सतत पडतं आणि त्यातून तुमच्या भाषेबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी हे बघा: ‘नॉट अ लॉट, टु बी ऑनेस्ट. आय युज्ड टु रीड डिटेक्टिव्ह स्टोरीज, बट नाऊ इट्स मोस्टली लाँग आर्टिकल्स ऑन माय फोन, युज्वली जस्ट बिफोर बेड.’ दोनच वाक्यं आहेत, पण भूतकाळातली सवय, आताचा बदल, किती वेळा, कधी, कशावर हे सगळं त्यात आलं. शब्दही सगळे रोजचेच आहेत. सूत्र एवढंच: थेट उत्तर, एक ठोस तपशील, एक बदल किंवा अपवाद.

सरावात परीक्षक होणारा

वाचत नसाल तर ‘नाही’ म्हणा. खरंच म्हणा. वाचनाची आवड असल्याचं सोंग पहिल्या प्रश्नापुरतं टिकतं. पुढचा प्रश्न ‘सध्या काय वाचताय’ असा आला की शब्द अडतात, आणि गुण जातात ते अडण्यामुळे. खोटं बोलल्याची शिक्षा कुणी करत नाही, पण न घेतलेल्या अनुभवाबद्दल परक्या भाषेत बोलणं दुप्पट अवघड असतं.

शिवाय वाचन म्हणजे फक्त जाडजूड पुस्तक नव्हे. सामन्यांची वार्तापत्रं, पाककृती, उपकरणाची माहितीपुस्तिका, कामाचे अहवाल, सबटायटल्स हे सगळं चालतं. ‘मी पुस्तकं वाचत नाही, पण कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचे रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचतो’ या उत्तराला पुढे न्यायला भरपूर जागा आहे: का, कुठले विश्वासार्ह वाटतात, कधी फसगत होते.

दुसऱ्या भागावर भर देणारी मार्गदर्शक

कार्ड हातात आलं की तयारीला 1 मिनिट मिळतं, सोबत कागद आणि पेन्सिल. बोलायचं 1 ते 2 मिनिटं. कार्डावर विषय, त्याखाली तीन मुद्दे आणि शेवटी ‘आणि का ते सांगा’ अशा धर्तीची ओळ असते.

पहिल्या 10 सेकंदांत पुस्तक ठरवा. सर्वांत थोर पुस्तक शोधू नका, ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलता येईल ते घ्या. थोर पुस्तकाची कथा बहुधा गुंतागुंतीची असते आणि ती सांगता सांगता वेळ संपतो. उरलेल्या 50 सेकंदांत पूर्ण वाक्यं लिहू नका. प्रत्येक मुद्द्यासमोर दोन-तीन शब्द, आणि ‘का’ या ओळीसमोर पाच-सहा. बहुतेकांचे पहिले तीन मुद्दे 40-45 सेकंदांत संपतात आणि मग शांतता पसरते. म्हणून निम्मा वेळ ‘का’साठी राखायचा: पुस्तक कुणी सुचवलं, कुठलं पात्र पटलं नाही, वाचल्यावर काय बदललं, कुणाला ते आवडणार नाही. ‘कुणाला आवडणार नाही’ हा मुद्दा फार कमी जण घेतात, पण त्यातून तुलना आणि जर-तरची वाक्यं आपोआप येतात.

कथा सांगताना काळ सांभाळा. ‘ही गोज टु द व्हिलेज अँड देन ही मेट हिज ब्रदर’ अशी उडी फार होते. कथानक साध्या वर्तमानकाळात, आणि तुम्ही ते कधी वाचलंत ते भूतकाळात, असं आधीच ठरवून टाका. पात्रांची नावंही नकोत. ‘द एल्डर सिस्टर’, ‘द नेबर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सोपं जातं.

मराठी पुस्तक चालतं का, हे हमखास विचारलं जातं. बिनधास्त चालतं. नाव मराठीतच एकदा घ्या, ‘इट्स अ मराठी नॉव्हेल अबाउट अ स्कूलटीचर’ अशी ओळख द्या आणि पुढे चला. शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर करत बसलात तर सुरुवातीलाच अडखळाल.

दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतात. ते घड्याळामुळे असतं, उत्तर वाईट होतं म्हणून नव्हे. त्यानंतर एखादा छोटा प्रश्न येऊ शकतो, त्याला छोटंच उत्तर द्या.

उच्चारांवर काम करणारा

मराठी वळणाच्या इंग्रजीला गुण कापले जात नाहीत. समजायला अडचण झाली तर जातात. या विषयात नेमके चार खड्डे आहेत.

पहिला: वर्तमानातलं ‘रीड’ आणि भूतकाळातलं ‘रेड’. लिहिताना दोन्ही सारखं दिसतं, म्हणून बोलताना ‘आय रीड इट लास्ट यिअर’ निघून जातं, आणि ती व्याकरणाचीच चूक म्हणून ऐकू येते. दुसरा: ‘नॉव्हेल’ आणि ‘वर्ड’. मराठीत दोन्हीकडे एकच ‘व’ येतो. ‘नॉव्हेल’ला वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवा, ‘वर्ड’ला दात लावू नका, नुसते ओठ गोल करा. तिसरा: ‘मॅगझिन’मधला झ ‘माझा’तल्या झच्या जवळचा असतो, ‘माझी’तल्या नव्हे. चौथा: ‘बायोग्राफी’त जोर ‘ऑ’वर येतो. मराठी सवयीने सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हटली की शब्द ओळखायला वेळ लागतो.

‘जॉन्र’ (साहित्याचा प्रकार) यासारखा शब्द जिभेवर बसत नसेल तर सोडून द्या. ‘काइंड ऑफ बुक’ने काम होतं.

व्याकरण तपासणारी

थोडक्यात तीन वाक्यं. ‘आय ॲम रीडिंग सिन्स चाइल्डहुड’ नको, ‘आय हॅव बीन रीडिंग सिन्स चाइल्डहुड’ हवं. ‘वन ऑफ माय फेव्हरिट’नंतर ‘बुक्स’, अनेकवचन. ‘आय हॅव रेड इट लास्ट यिअर’ नको: काळाचा नेमका उल्लेख आला की साधा भूतकाळ. ‘बुकवर्म’ आणि ‘बुक्स आर माय बेस्ट फ्रेंड्स’ यांत व्याकरणाची चूक नाही, पण ती इतक्या तोंडी झिजली आहेत की पाठ केल्यासारखी वाटतात.

सरावात परीक्षक होणारा, पुन्हा

पाठ केलेल्या उत्तरांबद्दल थोडं. ते लगेच कळतं: वेग एकसारखा होतो, चढउतार जातो, आणि मध्येच प्रश्न टाकला की पुढचं वाक्य तसंच्या तसं येत नाही. पाठांतरापेक्षा एकाच पुस्तकावर तीन वेगवेगळ्या कार्डांसाठी बोलून बघा: भेट मिळालेली वस्तू, पुन्हा वाचावंसं वाटणारं काही, ज्यातून काही शिकलात अशी गोष्ट. फोनवर 2 मिनिटं रेकॉर्ड करा आणि एका ऐकण्यात एकच निकष तपासा.

तिसऱ्या भागाची तयारी करून घेणारा

इथे बरेच जण ‘मी’ सोडत नाहीत. ‘लोक पूर्वीपेक्षा कमी वाचतात का’ या प्रश्नाला स्वतःच्या सवयीचं उत्तर दिलं की चर्चा तिथेच खुंटते. ‘हो, मोबाईलमुळे’ हेही तोकडं. वाचनाचे प्रकार वेगळे करा: पुस्तकं कदाचित कमी झाली असतील, पण पडद्यावरचा मजकूर दिवसभर डोळ्यांसमोर असतो. मग वयोगट वेगळे करा. मग कारण द्या, आणि एक अपवाद. ‘प्रॉबॅबली’, ‘टेंड टु’, ‘इट डिपेंड्स ऑन’ इथे हक्काने वापरा. शाळेने वाचन सक्तीचं करावं का, कागदी पुस्तकं टिकतील का, ग्रंथालयांचं काय होईल, हे सगळे प्रश्न याच पद्धतीने उघडतात.

प्रश्न कळला नाही तर तिसऱ्या भागात परीक्षक तो वेगळ्या शब्दांत मांडू शकतात. पहिल्या भागात मात्र बहुधा तोच प्रश्न पुन्हा ऐकायला मिळतो. तेव्हा ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट’ आणि ‘डू यू मीन…’ ही दोन्ही वाक्यं जिभेवर तयार ठेवा.