मदत हवी आहे: जुना ग्रिड-टाय इन्व्हर्टर बॅटरी सिस्टीमला जोडता येईल का?

भंगारात ३ किलोवॅटचा ग्रिड-टाय (म्हणजे ग्रिडच्या, वीज कंपनीच्या लाइनच्या आधारावर चालणारा) सोलर इन्व्हर्टर मिळालाय. डिस्प्ले गेलाय, पण बोर्डावर जळल्याची खूण नाही, कपॅसिटरही फुगलेले नाहीत. आमच्याकडे संगमेश्वरला पावसाळ्यात लाइट गेली की लवकर येत नाही, आणि ग्रिड नसली की अँटी-आयलंडिंगमुळे (बंद लाइनमध्ये वीज जाऊ नये म्हणून असलेल्या सुरक्षेमुळे) हा बंदच पडणार. म्हणून ५१.२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिच्यावर ऑफ-ग्रिड (ग्रिडशिवाय चालणारा) इन्व्हर्टर आणि त्याच्या एसी आउटपुटला हा जोडायचा विचार आहे.

खरी काळजी बॅटरी फुल झाल्यावरची. तेव्हा सोलरची वीज कमी करायला ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरने फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर नेली की जुना इन्व्हर्टर हळूहळू वीज कमी करतो की एकदम बंद होतो? आउटपुटकडून उलटी येणारी वीज बॅटरीत घेणारा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर कोणता घ्यावा? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे सुरक्षिततेत तडजोड नको.