मदत हवी आहे: सातबारा आमचा, कसतो चुलतभाऊ, अनुदान त्याला कसं मिळेल?

नमस्कार मंडळी, मी भांडुपला राहतो, गाव पाटण तालुक्यात. दीड एकर वडिलांच्या नावावर होती, ते मार्चमध्ये गेले, आता वारस म्हणून आई, मी आणि बहीण. पण जमीन गेली बारा वर्षं चुलतभाऊ अर्धेलीने (पीक निम्मं-निम्मं वाटून) कसतो, खतं बियाणं सगळं त्याचंच, आणि पीएम किसानचे वर्षाचे ६००० अन् नमो शेतकरीचे ६००० यायचे वडिलांच्या खात्यात, कारण ते सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतात. मला तेव्हापासूनच हे पटत नव्हतं.

मी इन्कम टॅक्स भरतो म्हणजे या योजनांतून मी बाद. जमीन चुलतभावाच्या नावावर करून दिली तरी १ फेब्रुवारी २०१९ नंतरची मालकीची नोंद फक्त वारसाने आलेली चालते म्हणतात.

निदान पीक विमा तरी त्याला मिळावा. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, पण घरचे घाबरतात, कूळ लागेल (म्हणजे कसणाऱ्याचा कायदेशीर हक्क लागेल), जमीन जाईल म्हणून. कोणी असा करार केलाय का? वकिलाकडून कुठली अट घालून घेतली? आणि शेतकरी ओळखपत्र आईचं काढायला तिला गावी न्यावंच लागेल का, गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. प्लीज सांगा, खरीप तोंडावर आलाय.