कौलं सरकवून बिबट्या गोठ्यात उतरला. गोठा कसा करावा? पिंजरा मागावा का?

काजूबाग_राजापूर
नमस्कार मंडळी. वाडी डोंगराच्या पायथ्याला, मागे काजू, पुढे पऱ्या (ओढा). शेळ्या 12, सगळ्या कोकण कन्याळ. गोठा 12 बाय 10 फूट, कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर बांबूचा कूड, मंगलोरी कौलं. परवा रात्री बिबट्या छपरातून आत आला. तीन शेळ्या मारल्या, नेली एकच. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले. आता वाडीतले म्हणतात पिंजरा लावून घ्या. पावसाआधी गोठा पक्का करायचा आहे. छपराचं नेमकं काय करू? आणि पिंजऱ्याचं तुमचं मत सांगा.

चिरेकाम
दादा, आधी छप्पर, मग बाकी सगळं. भिंत आठ फूट केली तरी बिबट्या चढतोच. कौल त्याच्या पंजाने सहज सरकतं, आणि आत पडल्यावर शेळ्या बिथरून धावतात म्हणून तो एकीवर थांबत नाही. तीन मेल्या त्या यामुळेच.

कौलं उतरवा. वाशांवर (छपराच्या उतरत्या लाकडांवर) 2 बाय 2 इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी अंथरा, 10 गेजची, गॅल्व्हनाइज्ड. तिच्यावर रीप (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) ठोका आणि मग कौलं लावा. जाळी वासा आणि रीप यांच्यात दाबली गेली पाहिजे, सगळी गोम इथेच आहे. बरेच जण कौलं न उतरवता आतून वाशांच्या खालच्या अंगाला यू खिळ्यांनी जाळी मारतात. वरून 50-60 किलोचं जनावर पडलं की खिळे सरळ खाली उपटून येतात. तुम्ही पावसाआधी कौलं परतणारच, त्याच वेळी हे काम उरकून घ्या, मजुरी दोनदा लागणार नाही. दोन तुकडे जोडताना सहा इंच एकावर एक घ्या आणि तारेने शिवा. भिंतीच्या माथ्यावर जाळी वाकवून पट्टी आणि स्क्रूने आवळा, कारण पंजा घालायला कडेची फट तो आधी शोधतो.

मुरगा जाळी (कोंबड्यांची षटकोनी) अजिबात नको, हाताने फाटते. कूडही काढा, बांबू वाळला की बंध सैल पडतात.

भिंत तीन फूट चिऱ्याची भरीव, त्याच्यावर छपरापर्यंत तीच जाळी. भरीव अशासाठी की शेळ्या कडेला टेकून झोपतात आणि जाळी जमिनीपासून असेल तर बिबट्या बाहेरूनच नख्या लावतो. दार अँगलच्या चौकटीत, खालचा अर्धा भाग पत्र्याचा, उंबऱ्याशी फट दोन इंचांहून जास्त नको. दार बाहेर उघडणारं करा. बाहेरून रेटा आला तर ते चौकटीवरच दाबलं जातं. कडी वर एक, खाली एक. एकच कडी मधोमध असली की खालचा कोपरा वाकतो आणि तिथून डोकं आत जातं.

काजूबाग_राजापूर
वाशांवर जाळी, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, जाळी किती टिकेल? आणि पावसात जाळीला ताडपत्री लावून बंद केली तर चालेल ना?

चिरेकाम
खारा वारा आधी वेल्डचे सांधे खातो. कापलेल्या प्रत्येक टोकाला झिंक प्रायमर लावा आणि गणपतीनंतर एकदा बोटाने सांधे ओढून बघा. मुतामुळे खालची कड सर्वात लवकर सडते, हेही भिंत भरीव ठेवायचं दुसरं कारण. ताडपत्री फक्त नैर्ऋत्येच्या बाजूला, तीही वरची एक फूट जागा मोकळी सोडून. चहूबाजूंनी बंद केलं तर अमोनिया कोंडतो आणि शेळ्या न्यूमोनियाने जातात. तुमच्या 120 चौ. फुटांत मोठ्या 12 शेळ्या बरोबर मावतात, करडं वाढली तर गोठाही वाढवा.

पशुसेवक
भरपाईचं बोलतो. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळीमागे बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. वनखात्याला 48 तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. शेळीच्या कानात बिल्ला असू द्या.

दावा अडतो तो बहुतेक "कुत्र्यांनी मारलं असेल" यावर. बिबट्या गळा धरतो. भोकं केसांत दिसत नाहीत, म्हणून पशुधन विकास अधिकाऱ्यांना गळ्याची कातडी सोलून दाखवायला सांगा. कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी चावा बसल्याचा तो पुरावा. कुत्री मागच्या मांड्या आणि पोट फाडतात, चावे विखुरलेले असतात. ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत.

पंचनाम्यानंतर उरलेल्या दोन शेळ्या खोल पुरल्यात ना? पडवीजवळ राहिल्या तर तो दुसऱ्या रात्री परत येतोच.

रानवाट
पिंजऱ्याबद्दल कळकळीने सांगतो, घाई करू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती शेळ्या मारल्या म्हणून नव्हे, माणसाला धोका असेल तेव्हासाठी आहे. शिवाय पिंजऱ्यात शिरलेला बिबट्या तुमच्या गोठ्यातलाच कशावरून? दुसराच सापडला तर गुन्हेगार मोकळा. तोच सापडला तरी रिकामी जागा दुसरा धरतो, आणि गोठा तर तसाच कच्चा.

दूर नेऊन सोडणं हा तर उपायच नव्हे. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या "आजोबा" बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तो चालत मुंबईच्या बाजूला पोचला. जुन्नरला बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले त्या काळात माणसांवरचे हल्ले वाढले होते, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात ते नोंदलेलं आहे.

वाडीने पिंजऱ्यापेक्षा दुसरी कामं हातात घ्यावीत. मासळीचं आणि कोंबडीचं टाकाऊ पऱ्यात टाकणं बंद करा. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाळीव कुत्रा रात्री आत. घराभोवती 20-30 फूट रान साफ. तिन्हीसांजेनंतर परसाकडे उघड्यावर बसू नका, वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. मुलं एकटी नकोत. बॅटरी हवी आणि बोलत चाला. झगमग दिवे लावायचे तर दर तीन-चार रात्रींनी जागा बदला, नाहीतर त्याला सवय होते.

चिरेकाम
विहिरीचं राहिलं. जमिनीसपाट विहिरीला चार फूट कठडा आणि वर जाळी करा, शिकारीमागे धावताना बिबटे रात्री आत पडतात. पडलाच तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, आणि तोवर चार दोर बांधलेली खाट पाण्यावर सोडा म्हणजे त्याला टेकायला मिळेल. काठावर गर्दी नको, माणूस खाली उतरवायचा नाही.

रानवाट
आणि दादा, डुकरांसाठी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडीत क्लचवायरची फासकी कुणी लावली असेल तर आत्ताच शोधा. बिबट्याची वाट तीच असते, तार कमरेत आवळते, आणि तार तोडून सुटलेला जखमी बिबट्या वाडीला सगळ्यात घातक. दिवसाढवळ्या दोघांनी गडग्याच्या दोन्ही बाजूंनी काठीने झुडपं बाजूला करत चाला. तार गुडघ्याच्या उंचीला, मुळाला बांधलेली सापडेल. रिकामी असेल तर फोटो काढून वनरक्षकांना बोलवा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, लांबूनच 1926 लावा.