पीठ थंड करून मगच लाटा

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन केलेली बिस्किटं ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटली, असं तुम्ही लिहिलंय. तूप पातळ झालं असणार. आमच्या सोलापुरात डिसेंबरातही दुपारी तूप घट्ट राहील याची खात्री नाही, त्यात पोरांचे गरम हात! मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

माझं माप: १ वाटी कणीक, १ वाटी ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी घट्ट तूप, वेलची, चिमूटभर मीठ. गोळा वळत नसेल तरच चमचाभर दूध. नुसत्या ज्वारीची करू नका. तिच्यात पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं, मग उचलताच भुगा. (मी एकदा मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या प्रेमापोटी केली होती. शेवटी दुधात घालून चमच्याने खाल्ली.)

१७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर मऊच लागतात, गार झाली की कडक होतात. तोवर मुलांना थोपवणं हेच खरं काम. आमच्या धाकटीने काल गरम ट्रेमधल्या हत्तीची सोंड मोडली आणि "तो असाच होता" म्हणाली.