मदत हवी आहे: जुना गेम डबल क्लिकनंतर दोन सेकंदांत गायब

२००९चा ३२-बिट गेम, लॅपटॉपवर विंडोज ११, १६ जीबी रॅम, इंटेल आणि एनव्हिडिया असे दोन जीपीयू (ग्राफिक्स चिप). आधी ‘डी३डीएक्स९_४१.डीएलएल सापडत नाही’ असा एरर यायचा (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल). ती फाइल कुठल्यातरी साइटवरून सुटी उतरवण्याच्या फंदात न पडता मायक्रोसॉफ्टचा जून २०१०चा डायरेक्टएक्स रनटाइम (जुन्या गेमना लागणाऱ्या ग्राफिक्स फाइलींचा संच) टाकला. एरर गेला, पण गेम काही उघडेना. टास्क मॅनेजरमध्ये नाव दोन सेकंद दिसतं, मग गायब. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची एरर-नोंदवही) कोड सी००००००५, म्हणजे मेमरीत चुकीच्या जागी हात घातला; मॉड्यूल एनटीडीएलएल.डीएलएल, ही तर विंडोजचीच फाइल, म्हणजे खरा गुन्हेगार बहुधा दुसराच कोणीतरी.

कम्पॅटिबिलिटी मोड, ॲडमिन म्हणून चालवणं, ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये एनव्हिडिया निवडणं, व्हिज्युअल सी++ २००८चा एक्स८६ (३२-बिट) रनटाइम टाकणं, सगळं करून झालं. ओव्हरलेही (गेमवर दिसणाऱ्या इतर ॲपच्या खिडक्या) बंद आहेत. विंडोज नव्याने टाकणं शक्य नाही.

क्रॅश डम्प (बंद पडतानाच्या मेमरीची नोंद) काढून नेमकी कोणती डीएलएल अडते, ते कसं बघायचं?